उपासाला चालणारा फोन

आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. दोन दिवसांनी देव झोपणार आणि चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद होणार, म्हणून जे जे सुटायचं आहे ते ते या दिवशी पोटात भरून घ्यायचं, अशी आपली जुनी आणि समंजस रीत आहे. आमच्या कॉलनीत त्या संध्याकाळी घराघरांतून भज्यांचा वास सुटतो. संकल्पकाकांच्या घरातून वासाबरोबर आवाजही येतो. कीर्तन, क्रिकेट, गुडघेदुखीवर घरगुती उपाय, कुठल्याशा जंगलातलं हत्तीचं पिल्लू, परत कीर्तन. काका सकाळी स्नान-पूजा आटोपून आरामखुर्चीत बसतात ते बसतात. चार्जरची वायर भिंतीपासून हातापर्यंत ताणलेली असते आणि चार महिन्यांचा फोन ते एका दिवसात बघून घेत असतात.

"काका, डोळे दुखतील," मी यंदा खिडकीतून म्हटलं.

"दुखू देत. एकादशीपासून त्यांना सुट्टीच आहे."

संकल्पकाका हे त्यांचं बारशाचं नाव नव्हे. पूजेच्या सुरुवातीला गुरुजी तळहातावर पळीभर पाणी घ्यायला लावतात, अमुक करीन तमुक करीन म्हणवून घेतात आणि ते पाणी ताम्हनात सोडायला सांगतात, तो संकल्प. काकांच्या उजव्या हाताचा तळवा गेल्या पंधरा वर्षांत कुणी कोरडा पाहिलेला नाही, म्हणून कॉलनीनं हे नाव ठेवलं. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही. "नाव ठेवलंत तर निदान चांगलं तरी ठेवलंत," म्हणतात.

माणूस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. ज्या काळात फोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं थांबत आणि फोन घरी आला की त्याला हार घालत, त्या काळात काका एक्स्चेंजमध्ये बसून अर्ध्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल जोडत होते. पोरं परीक्षेत पास झालेली, म्हातारी माणसं गेलेली, लग्नं ठरलेली आणि मोडलेली, सगळं त्यांच्या कानावरून पुढे गेलं. तीन मिनिटं झाली की मध्येच विचारायचं, 'तीन मिनिटं झाली, वाढवू का?' काकांचं म्हणणं, बोलण्याला पैसे पडायचे तेव्हा माणसं खरं बोलायची. मला ते तितकंसं पटत नाही. माझ्या आठवणीत त्या तीन मिनिटांतली दोन 'ऐकू येतंय का? हॅलो, ऐकू येतंय का?' यातच जायची आणि उरलेल्या मिनिटात पैसे किती झाले याची काळजी असायची. पण काकांसमोर हे बोलायची सोय नाही. ज्याच्या हातानं गावाला फोन मिळाला, त्यानं फोन सोडायला निघावं यात काही न्याय असेल. दारूच्या दुकानदारानं माळ घालावी तसा.

फोनच्या आधी त्यांनी बरंच काही सोडलेलं आणि धरलेलं आहे. साखर सोडली, चहा सोडला, चहात गूळ धरला, रागावणं सोडलं, वर्तमानपत्र सोडलं, ब्राह्ममुहूर्त धरला. सूर्योदयाच्या आधी दोन मुहूर्त, म्हणजे शहाण्णव मिनिटं आधी उठायचं. सूर्य रोज वेगळ्या वेळी उगवतो, म्हणून गजर रोज बदलायचा. तो बदलण्यासाठी रात्री फोन हातात घ्यायचा आणि घेतलाच आहे तर जरा बघायचं. या जरामुळे झोपायला साडेबारा व्हायचे. मग ब्राह्ममुहूर्त आडवं पडूनच गाठायचा. प्रत्येक संकल्पाआधी खरेदी असते. योगासनांची चटई, रामनामाची वही, तांब्याचा तांब्या, त्याच्याबद्दलचं पुस्तक. त्यांच्या कपाटात एका फळीवर दासबोध, ज्ञानेश्वरी, गीता प्रवचने. आणि खालच्या फळीवर सवयी कशा लावाव्यात, वेळ कसा वाचवावा, मन कसं जिंकावं अशी जाडजूड भाषांतरं. खालच्या फळीतल्या सगळ्या पुस्तकांतल्या खुणा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकरणात आहेत. वरच्या फळीवरचं मात्र त्यांनी खरंच वाचलेलं आहे. दासबोधातली मूर्खलक्षणं तर ते कॉलनीच्या सभेत, माणूस समोर बसलेला असताना, समासाच्या क्रमांकासकट सांगतात.

एकवीस दिवस केलं की सवय लागते, हा त्यांचा पाया. यावर त्यांची भाची, पुण्यात मानसशास्त्र शिकते ती, एकदा तोंड उघडून बसली. म्हणाली, मामा, हे एकवीस आले कुठून माहीत आहे का? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. नाक नीट केलेल्या रोग्यांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याला दिसलं आणि १९६० साली त्यानं ते पुस्तकात लिहिलं. नाकाचं पुढे लोकांनी सगळ्याला लावलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी नंतर खरोखर मोजून पाहिलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाला अडीचशेच्या वर.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "इंग्रजांना वेळ लागणारच. दीडशे वर्षं बसले होते इथे, उठायची सवय लागेना. आपल्या गणपतीला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. सवयीला बाविसावा दिवस कशाला लागेल?"

भाचीनं पुढच्या सुट्टीत विषय काढला नाही.

तर फोन. तो पूर्ण सोडायचा विचार काकांनी पहिल्या वर्षी केला होता, पण मग काकूंनी विचारलं, "उपास आहे का लंघन?" आणि काका विचारात पडले. काकू फारशा बोलत नाहीत. फोनवर दिवसाकाठी जे काम असेल ते करतात, बहिणीशी बोलतात आणि फोन फ्रीजवर पालथा ठेवून देतात. त्यांनी कधी कसला संकल्प केल्याचं मला आठवत नाही. काकांचे पुरवायलाच वेळ पुरत नसावा.

उपास आणि लंघन यांतला फरक काकांइतका खोलवर कुणी शोधला नसेल. त्यांचा सिद्धांत असा. आपण एकादशीला काय खातो? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची. हे सगळेच्या सगळे मूळचे अमेरिका खंडातले. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदसुद्धा. समुद्र ओलांडून आले आणि आल्या आल्या थेट उपासाच्या ताटात जाऊन बसले. तांदूळ इथलाच, पिढ्यान्‌पिढ्या राबलेला, तो मात्र बाहेर. "का?" काका बोट वर करून विचारतात. "कारण शास्त्र लिहिलं तेव्हा हे पदार्थ इथे नव्हतेच. ज्याला मनाई नाही ते चालतं! आता मला सांग, शास्त्रात फोनला मनाई कुठे आहे?"

"मग सोडता कशाला?"

"अरे, सोडल्याशिवाय चालतं कसं म्हणणार?"

यातून ती यादी जन्माला आली. कालनिर्णयच्या आषाढाच्या पानाच्या पाठीमागे, जिथे बाकीच्या घरांत दुधाचा हिशेब असतो तिथे, काकांच्या सुवाच्य सरकारी अक्षरात ती लिहिलेली आहे आणि दरवर्षी नव्या पानावर उतरवली जाते. आलेला फोन घेतलेला चालतो, आपण लावलेला चालत नाही. पाहुणा दारात आला तर त्याला हाकलत नाहीत, पण बोलवायला जाऊ नये. व्हॉट्सॲप वाचलेलं चालत नाही, दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालतं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आहे. व्हिडिओ चालत नाही, पण कीर्तनाचा असेल आणि फोन पालथा घातलेला असेल तर ते कीर्तनच. टीव्हीवरच्या बातम्या उभ्यानं पाहिल्या तर चालतात, कारण उभ्यानं खाल्लेल्याला आपण जेवण म्हणत नाही. आकाशवाणी सांगली सात्त्विक, कधीही. रस्ता चुकल्यास नकाशा हा आपद्धर्म. क्रिकेटचा स्कोअर शेजाऱ्यास विचारावा. (शेजारी म्हणजे मी. मागच्या श्रावणात भारत-इंग्लंड कसोटीचे पाच दिवस मी घरातून बाहेर पडायच्या आधी स्कोअर पाठ करून निघत असे.)

मनगटावरच्या घड्याळाचा प्रश्न नंतर आला. मुलानं ते वाढदिवसाला पाठवलं, पावलं मोजणारं. घड्याळ हे घड्याळ आहे, फोन नव्हे, म्हणून चालतं असा निकाल लागला. पण फोनवर येणारे निरोप त्याच्यावर उमटायला लागले. काका आधी दचकले, मग स्थिरावले. "मी बघत नाही. ते माझ्या हातावर येतं." त्याच हाताच्या बोटात जप मोजायचं अंगठीसारखं यंत्र असतं, अंगठ्यानं दाबलं की आकडा पुढे सरकतो. सकाळी काका चालत असतात तेव्हा बोटात नामाचा आकडा आणि मनगटावर पावलांचा आकडा अशी दुहेरी मोजणी सुरू असते. एकदा दोन्ही आकडे जुळून आले, तेव्हा ते कोपऱ्यावर थांबून हात जोडून उभे राहिलेले मी पाहिले. घड्याळाला वाटलं व्यायाम संपला.

फोन बंद करून ठेवायचा कुठे, याचाही विधी आहे. आपण ज्याच्यावर तुळशीपत्र ठेवतो ते आपलं राहत नाही. म्हणून एकादशीला सकाळी फोन देव्हाऱ्याखालच्या खणात जातो आणि त्याच्यावर तुळशीचं पान ठेवलं जातं. मग बँकेचा ओटीपी येतो. पान उचलायचं, ओटीपी बघायचा, नवं पान ठेवायचं, कारण तेच पान पुन्हा कसं वाहणार? दुपारी गॅसवाला येतो, कोड विचारतो. पान. वीजबिलाचं पान, औषधं मागवल्याचं पान, पेन्शनीचं पान. भाद्रपदात काकूंच्या अंगणातली तुळस अशी बोडकी झाली की माळ्यानं कीड पडलीय का विचारलं. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी फोन उघडाच असतो. काका द्वादशीला फार प्रसन्न असतात.

बाजारात मात्र यादी कामाला येत नाही. काका पाचशेची नोट घेऊन जातात. भाजीवाली मावशी कोथिंबिरीची जुडी पुढे करते, नोटेकडे बघते आणि कोड लावलेल्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवते. "स्कॅन करा की ओ आजोबा."

"मी व्रतात आहे."

"मग मी काय करू? सुटे कुठनं आणू? देवाकडनं?"

काका तिला समजावून सांगायला लागतात की पूर्वी रोख होती तेव्हा माणसं एकमेकांशी बोलत होती. मागे रांग वाढते. शेवटी मावशी एका मळक्या वहीत त्यांचं नाव लिहून घेते. काका खूश होऊन घरी येतात. "बघ, विश्वासावर व्यवहार झाला!" संध्याकाळी काकू भाजीला जातात, मावशी वही दाखवते, काकू स्कॅन करतात. विश्वासाचा व्यवहार असा पूर्ण होतो.

खरं तर चातुर्मासात काकू एक्स्चेंज चालवतात. "अगं, जरा मुलाला लाव," काका आतून सांगतात. काकू लावतात, "धरा" म्हणतात, काका बोलतात. मेथी निवडता निवडता त्या गटांवरचे निरोप वाचून दाखवतात, आणि माझा असा अंदाज आहे की त्या बरंच गाळतात.

"पुढे काय लिहिलंय?"

"सुप्रभात."

"कुणी?"

"सगळ्यांनीच."

इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेला जायचं काकांनी एका वर्षी ठरवलं. गोएंका गुरुजींचं १९७६ पासून चालत आलेलं केंद्र, दहा दिवसांचं शिबिर, फोन आल्या आल्या जमा करायचा, पहाटे चारला घंटा आणि दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी अवाक्षर नाही, खुणासुद्धा नाहीत. काकांनी ते पूर्ण केलं. यात थट्टेला जागा नाही. मला एक दिवस निभणार नाही. परत आले तेव्हा चेहरा खरोखर निवळला होता. मी काकूंना विचारलं, तुम्ही का नाही जात?

"मला घरबसल्या झाली," काकू म्हणाल्या. "दहा दिवस घरात कुणी बोलत नव्हतं."

काकांचं सगळ्यात मोठं कार्य म्हणजे भोंगा. आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. कोरोनात शाळा फोनवर आली, शाळा परत शाळेत गेली तरी फोन पोरांच्या हातातून सुटेना, तेव्हा गावानं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून एक पद्धत पाडली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, गावातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. दीड तास पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर बोलत बसतात. साडेआठला पुन्हा भोंगा. काका एसटीनं जाऊन ते बघून आले आणि आल्या आल्या त्यांनी कॉलनीची सभा बोलावली. सभेचं बोलावणं व्हॉट्सॲपवर गेलं; काकूंच्या फोनवरून, काकांनी सांगितलेल्या मजकुराप्रमाणे.

सभेत कुणीही नाही म्हटलं नाही. सांगलीत चांगल्या गोष्टीला उघड नाही म्हणायची पद्धत नाही. नंतर येत नाहीत इतकंच. सातला मालिका असते म्हणून पावणेसात, दीड तास फार म्हणून अर्धा तास, आणि भोंगा गणपती मंडळाचा, असं ठरलं. दिवस श्रावणातला, आठवडाभर झड लागलेली. पावणेसातला काकांनी स्वतः बटण दाबलं.

आता सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात भोंगा म्हणजे काय, हे काकांच्या लक्षात यायला हवं होतं. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं ते कुणी विसरलेलं नाही. भोंगा वाजला आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. समोरच्या घरातल्यांनी स्कूटर जिन्याखालून काढून चढावर नेली. मागच्या बिल्डिंगमधल्या आजींनी दत्ताची तसबीर आणि घराची कागदपत्रं पिशवीत भरली. आणि लहानथोर सगळे एकजात फोन काढून आयर्विनची पातळी बघायला लागले. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीतून पुढे किती सोडलं, कृष्णाघाटावर काय अवस्था. ज्यांच्याकडे नेट चालेना ते दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकं घालून उभे. कॉलनीच्या इतिहासात इतके फोन एकाच वेळी कधी चालले नसतील. मध्ये काका, छत्री उलटी झालेली, ओरडताहेत, "बंद करा! बंद करायचे आहेत!" आणि लोक त्यांना विचारताहेत, "लाइट बंद केले का मेन स्विच पण?"

पातळी बावीस फूट होती. लोक चिडलेही आणि सुटकेनं हसलेही. पण खाली उतरलोच आहोत तर, म्हणून पार्किंगच्या शेडखाली बराच वेळ बोलत उभे राहिले. २०१९ ला कोण कुठे होतं, कुणाच्या गच्चीवर कुणी स्वयंपाक केला, होडीतून कुणाला काढताना कुणाची कवळी पाण्यात पडली. मला वाटतं, तास झाला असेल. कुणाच्या हातात फोन नव्हता. काका हे बघायला नव्हते. ते घरात पाय शेकत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून भोंगा बंद झाला, पण शेडखालचे चार-पाच म्हातारे अजून पावणेसातला येतात. काका येत नाहीत. तो संकल्प त्यांच्या दृष्टीनं झाला.

मी त्यांना कधी कधी डिवचतो. गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज' लिहिलं, त्यात रेल्वेवर केवढी टीका केली, हे काकांचं आवडतं उदाहरण. मी म्हणतो, "आणि मग आयुष्यभर देश रेल्वेनंच फिरले."

"थर्ड क्लासनं," काका म्हणतात. "चालतं."

त्यांच्या श्रद्धेची मात्र मला थट्टा करता येत नाही. पहाटे गणपती मंदिरात ते डोळे मिटून उभे असतात तेव्हा बोटातलं यंत्र खिशात असतं आणि घड्याळ घरी. काय मागता, असं एकदा विचारलं. म्हणाले, मागायचं काय, कालचं सांगतो आणि आजचं सांगतो. काल काय ठरलं होतं नि काय झालं, आज काय ठरवलंय. देव ऐकून घेतो. देवानं आजवर एकदाही 'तीन मिनिटं झाली' म्हटलेलं नाही. ज्या माणसाचा प्रत्येक संकल्प मोडतो, त्यानं सकाळी उठून पुन्हा तळहातावर पाणी घेण्याला जी छाती लागते ती न मोडणाऱ्यांना लागत नाही, असं माझं मत आहे. काकूंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, मोडायचा म्हणूनच घेतात.

यंदा कार्तिकी द्वादशीला उद्यापन होतं. एरवी काका ते आटपून घेतात, पण वय झालं, राहून जायला नको, म्हणून या वेळी गुरुजींना बोलावलं. गुरुजी तरुण, स्कूटरवरून येणारे, पोथी टॅबवर. पूजा झाली, नैवेद्याचं ताट आलं, मला आणि शेजारच्या दोघांना पाटावर बसवलं.

"सोडलं काय होतं, यजमान?" गुरुजींनी विचारलं.

"फोन."

गुरुजींनी टॅबवरून नजर वर उचलली. "चातुर्मासात जी वस्तू सोडली तिचं दान केल्याशिवाय ती परत घेता येत नाही, हे ठाऊक असेलच. मीठ सोडलं तर मीठ देतात, तूप सोडलं तर तूप."

"तरी मी म्हणत होते वांगं सोडा," काकू आतून म्हणाल्या. "चाळीस रुपयांत सुटला असतात."

"माझी काही अपेक्षा नाही," गुरुजी नम्रपणे म्हणाले. "पण सध्याच्या फोनला जागा कमी पडते. पोथ्यांच्या पीडीएफ मोठ्या असतात."

काका गडबडले नाहीत. त्यांनी कालनिर्णय उतरवून आणलं आणि पाठीमागची यादी वाचायला घेतली. फोन पूर्ण सोडला नव्हता, हे दाखवायला. आलेला घेत होतो. ऐकत होतो. पालथा घालून बघत होतो. द्वादशीला उघडा होता. मनगटावर येत होतं. गुरुजी मान हलवत एकेक कलम ऐकत गेले, मध्ये दोनदा "हं, पुढे" म्हणाले. यादी संपल्यावर थोडा वेळ गप्प राहिले.

"यजमान, यात सुटलं काय ते मला सापडेना."

"फोन लावणं," काका म्हणाले. "लावला एकदाही नाही."

"मी लावत होते," आतून आवाज आला.

"म्हणजे आउटगोइंग सुटलं," गुरुजींनी निर्णय दिला. "मग दान आउटगोइंगचं. चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज करा, पुरे." आणि त्यांनी आपला नंबर सांगितला.

काकांचा चेहरा उजळला. फोनची किंमत वाचली होती, शिवाय शास्त्र राहिलं होतं. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "पण गुरुजी, एरवीची द्वादशी वेगळी. आज पारणं अजून व्हायचंय. आत्ता फोन कसा हातात घेऊ?"

"दानाला चालतं," गुरुजी म्हणाले.

काकांनी गुरुजींकडे ज्या आदरानं पाहिलं तसं त्यांनी आजवर कुणाकडे पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खण उघडला, कालचं तुळशीचं पान बाजूला केलं, गुरुजींचा नंबर घातला, रक्कम आली. फोननं पिन विचारला. काका फोनकडे बघत राहिले. चार महिने सगळे पैसे काकूंनी भरलेले. त्यांनी एक पिन टाकला, चुकला. दुसरा टाकला, चुकला.

"अगं, पिन काय गं आपला?"

काकू हात पुसत दारात आल्या. "आपला नाही, तुमचा. तुम्हीच ठेवलाय. विसरणार नाही म्हणून आपल्या लग्नाची तारीख."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी पानातल्या कोशिंबिरीकडे बघायला लागलो. काकांचे ओठ हलत होते.

"तिथी पाठ आहे," ते काकूंना म्हणाले. "वैशाख वद्य तृतीया, शके एकोणीसशे."

"फोनला तिथी चालत नाही," काकू म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

काका गुरुजींच्या कानाशी वाकले. "गुरुजी, तुमच्या त्या टॅबमध्ये जुनी पंचांगं असतात का हो?"